पहिली मोटारसायकल घेताय? आधी बंद गाडी ढकलून बघा

२०२१ च्या दिवाळीत मी माझी पहिली गिअरची गाडी घेतली. साडेतीनशे सीसी, वजन १९५ किलो, आणि माझी उंची पाच फूट दोन. टेस्ट राइडला गाडी इतकी छान वाटली की त्याच दिवशी बुकिंगचे पैसे भरून आले. दुपारची वेळ होती, रस्ता सरळ आणि मोकळा, एक किलोमीटर जाऊन परत. मग गाडी घरी आली. आम्ही कात्रजला राहतो, सोसायटीचं पार्किंग खाली आहे, रॅम्प उतरून जावं लागतं आणि माझ्या जागेवरून गाडी काढायची तर आधी थोड्या चढावर ती मागे ओढावी लागते. ते मला जमलंच नाही. पहिल्या पंधरा दिवसांत गाडी दोनदा आडवी झाली आणि दोन्ही वेळा इंजिन बंद होतं. एकदा वॉचमन काकांनी उचलून दिली, दुसऱ्या वेळी माझ्या घोट्यावर आली आणि तीन आठवडे मी लंगडत ऑफिसला गेले. त्यानंतर गाडी काढायची म्हटलं की पोटात गोळा यायचा. आठ महिन्यांत विकली, बत्तीस हजारांचा फटका बसला, आणि एक वापरलेली १२५ घेतली. मोटारसायकल चालवायला मी खरी त्या १२५ वर शिकले.

तेव्हापासून ओळखीत कोणाला पहिली गाडी घ्यायची असली की मला फोन येतो आणि मी तेच तेच सांगत बसते, म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढतेय. सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगते. चालती गाडी कुठलीही हलकीच वाटते, तिचं वजन थांबल्यावर कळतं. नवीन माणसाची गाडी पडते ती जास्त करून सिग्नलला थांबताना, यू टर्न घेताना, खडीवर पाय टेकवताना, पार्किंगमधून काढताना. म्हणून गाडी निवडायची ती या जागा डोळ्यासमोर ठेवून.

१. गाडी बघायच्या आधी स्वतःचं लायसन्स बघा

खूप जणांकडे, आणि खास करून मुलींकडे, स्कूटरवर टेस्ट देऊन काढलेलं लायसन्स असतं. त्यावर विदाउट गिअर म्हणजे एमसीडब्ल्यूओजी लिहिलेलं असतं आणि त्यावर मोटारसायकल चालवता येत नाही. गिअरच्या गाडीला एमसीडब्ल्यूजी लागतं. लायसन्स काढून मागे पुढे नीट वाचा, कारण हे पोलिसांनी पकडल्यावर नाहीतर अपघातानंतर क्लेम अडकल्यावर कळलेलं मी जवळून पाहिलंय. तुमच्याकडे फक्त विदाउट गिअर असेल तर नवीन लायसन्स काढायची गरज नाही, आहे त्यातच वाहनाचा प्रकार वाढवून मिळतो, पण त्यासाठी सुद्धा आधी लर्निंग आणि मग टेस्ट आहेच.

अजिबात लायसन्स नसेल तर परिवहनच्या सारथी पोर्टलवरून लर्निंगला अर्ज करा. महाराष्ट्रात आधार वापरून लर्निंगची परीक्षा घरी बसून देता येते. गिअरच्या गाडीला वय १८ पूर्ण पाहिजे. लर्निंग सहा महिने चालतं आणि मिळाल्यापासून ३० दिवस झाले की पक्क्या लायसन्सची टेस्ट देता येते. शेवटच्या आठवड्यापर्यंत थांबू नका, अपॉइंटमेंटच्या तारखा भरलेल्या असतात. लर्निंगवर असताना पांढऱ्यावर लाल एल मागे पुढे लावायचा आणि मागे कोणी बसवायचं नाही. मागे बसला तर लायसन्स असलेला शिकवणारा माणूसच बसू शकतो, मैत्रीण नाही.

यासाठी लागतं ते:
- आधार कार्ड, मोबाईल नंबर आधारला जोडलेला पाहिजे, नाहीतर ओटीपीच येत नाही
- वयाचा पुरावा, दहावीचं सर्टिफिकेट किंवा शाळा सोडल्याचा दाखला चालतो
- पत्त्याचा पुरावा, तुम्ही गावाकडचे असून पुण्या मुंबईत राहत असाल तर कुठल्या आरटीओतून काढायचं ते आधी ठरवा
- फॉर्म १ म्हणजे तब्येतीचं स्वतःचं घोषणापत्र, आणि वय चाळीसच्या वर असेल तर डॉक्टरने भरलेला फॉर्म १ ए

शिकायचं कशावर? जमलं तर दुसऱ्याच्या जुन्या १०० किंवा १२५ वर, रविवारी सकाळी एखाद्या रिकाम्या मैदानात. पहिले दोन दिवस ॲक्सिलरेटरला हातच लावू नका, फक्त क्लच हळूहळू सोडून गाडी चालत्या माणसाच्या वेगाने पुढे न्यायची आणि परत क्लच दाबून थांबवायची. कंटाळवाणं आहे. पण पुढे ट्रॅफिकमध्ये जे काही करायचंय त्याच्यात अर्धं हेच असतं.

२. गाडी कशासाठी पाहिजे ते कागदावर लिहा

मनात नको, कागदावर. कारण मनात सगळ्यांनाच लडाख दिसत असतं. मी लिहिलं असतं तर असं दिसलं असतं: रोज कात्रज ते मगरपट्टा आणि परत, महिन्यातून एकदा कराडला घरी, वर्षातून एखादी कोकणातली ट्रिप. याला साडेतीनशेची काहीच गरज नव्हती.

माझं मत स्पष्ट आहे, पहिली गाडी १०० ते १६० सीसीच्या मधली आणि १४० किलोच्या आतली घ्या. शहरात रोजचं पंधरा वीस किलोमीटर आणि खिशाचा विचार असेल तर १०० ते १२५. अधूनमधून हायवे आणि डबल सीट घाट असेल तर १५० किंवा १६०. १२५ वर मी एकटी खंबाटकी चढून साताऱ्याच्या पुढे कित्येक वेळा गेलेय, ताशी ७० ने निवांत जाते, फक्त ट्रकला ओव्हरटेक करताना आधीपासून अंदाज घ्यावा लागतो, आयत्या वेळी जोर मिळत नाही. मागे भाऊ बसला आणि सामान असलं की मात्र घाटात तिचा दम लागतो ते खरं आहे.

आणि एक लक्षात घ्या, मुंबई पुणे एक्स्प्रेसवे, समृद्धी, अटल सेतू, वांद्रे वरळी सी लिंक, या सगळ्यांवर दुचाकीला बंदी आहे. म्हणजे ज्या रस्त्यांवर मोठ्या इंजिनाचा वेग खरंच कामी आला असता तिथे आपल्याला जाताच येत नाही. आपल्या वाट्याला जुना हायवे, घाट, आणि गावातून जाणारे स्पीड ब्रेकरवाले रस्ते.

गावाकडे वापरणार असाल तर अजून एक प्रश्न, तालुक्याच्या ठिकाणी त्या गाडीचा फिटर आणि स्पेअर मिळतो का? स्प्लेंडर नाहीतर शाइनची क्लच केबल आठवडी बाजाराच्या गावात पण मिळते. दोनशेच्या वरच्या फॅन्सी गाडीचा क्लच लिव्हर तुटला तर पार्सल येईपर्यंत गाडी उभी.

३. वजन आणि सीटची उंची, इथे सगळ्यात जास्त वेळ घाला

हे दोन आकडे ब्रोशरच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात असतात, कर्ब वेट आणि सीट हाइट. कर्ब वेट म्हणजे पेट्रोल आणि ऑइल भरलेलं वजन, ते बघा, नुसतं ड्राय वेट कोणी सांगत असेल तर ते धरू नका. अंदाज यावा म्हणून काही गाड्या देते, मॉडेल आणि वर्षाप्रमाणे एखाद दुसरा किलो इकडे तिकडे होतो:

- हीरो स्प्लेंडर प्लस: ११२ किलो, सीट ७८५ मिमी
- होंडा शाइन १२५: ११३ किलो, ७९१ मिमी
- टीव्हीएस रेडर १२५: १२३ किलो, ७८० मिमी
- यामाहा एफझेड: १३५ किलोच्या आसपास, ७९० मिमी
- रॉयल एनफिल्ड हंटर ३५०: १८१ किलो, ७९० मिमी
- रॉयल एनफिल्ड मिटिऑर ३५०: १९१ किलो, ७६५ मिमी
- रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५०: १९५ किलो, ८०५ मिमी

आता यात फसायची जागा बघा. एफझेड आणि हंटरची सीट सारख्याच उंचीची आहे, पण वजनात पंचेचाळीस किलोचा फरक, म्हणजे जवळजवळ गव्हाचं एक पोतं. मिटिऑरची सीट तर यादीत सगळ्यात खाली, दोन्ही पाय सपाट टेकतात, बसल्यावर एकदम सुरक्षित वाटतं, पण गाडी वाकडी झाली की सावरायचे १९१ किलोच. त्यामुळे "पाय टेकतात ना, मग झालं" हे अर्धंच खरं. आणि उलट पण आहे, सीट अरुंद असेल तर जरा उंच गाडीला सुद्धा पाय नीट पोचतात, सीट रुंद असेल तर मांड्या फाकतात आणि कमी उंचीच्या गाडीला पण टाच वर राहते. म्हणून आकड्यावरून फक्त यादी छोटी करायची, ठरवायचं गाडीवर बसूनच.

शोरूमला जाताना रोज घालता तेच बूट घालून जा. आणि गाडी बंद असताना हे करून बघा, सेल्समनला सांगून:

स्टँडवरून गाडी सरळ करा. नंतर साइडला उभं राहून हँडल धरून दहा पावलं पुढे ढकला, मग दहा पावलं मागे. मग गाडीवर बसून पायाने मागे घ्या, जमलं तर फुटपाथच्या उताराकडून. शोरूमच्या गुळगुळीत फरशीवर सगळंच सोपं वाटतं, म्हणून बाहेर डांबरावर करा. मग गाडीवर बसून मुद्दाम थोडी डावीकडे झुकवा, जिथे वजन हाताला जाणवायला लागतं तिथून एका पायाच्या जोरावर परत सरळ करता येतेय का बघा, दुसऱ्या बाजूला कोणीतरी उभं ठेवा. हँडल पूर्ण वळवून बघा, बाहेरच्या बाजूचा हात क्लच किंवा ब्रेकपर्यंत पोचतो का, माझा पोचत नव्हता आणि मला ते पहिल्या यू टर्नला कळलं. मेन स्टँड असेल तर त्यावर लावून बघा. ताकदीपेक्षा यात पद्धत आहे, उजवा पाय स्टँडच्या दांडीवर, पूर्ण वजन पायावर, हाताने फक्त दिशा द्यायची.

यातलं एखादं नीट जमलं नाही तर सवय होईल म्हणून सोडून देऊ नका. रोज संध्याकाळी दमून आल्यावर, पावसात, चिखलाच्या बुटांनी तुम्हाला तेच करायचंय.

तुमच्या बरोबर भाऊ, नवरा, वडील कोणी गेलं असेल तर सेल्समन त्यांच्याशीच बोलतो हा माझा अनुभव आहे. मला तर सरळ विचारलं, मॅडम तुम्ही स्कूटर का नाही बघत. माझ्या भावाने तेव्हा एक चांगलं केलं, तो म्हणाला गाडी ताईची आहे, तिच्याशी बोला, आणि बाहेर चहा प्यायला गेला. चालवणारा माणूस तुम्ही आहात, प्रश्न तुम्ही विचारा.

गाडी पडलीच तर उचलायची कशी तेही आताच सांगते, कारण हे मला कोणीच शिकवलं नव्हतं. आधी इग्निशन बंद. गाडी उजवीकडे पडली असेल तर आधी साइड स्टँड बाहेर काढून ठेवा म्हणजे उचलल्यावर पलीकडे पडणार नाही, आणि जमलं तर गिअरमध्ये टाका म्हणजे घरंगळणार नाही. मग गाडीकडे पाठ करून सीटला कंबर टेकवून खाली बसा, एका हाताने जमिनीकडचं हँडल, दुसऱ्याने मागची ग्रॅब रेल धरा, आणि पाठ सरळ ठेवून पायाच्या जोरावर छोटी छोटी पावलं मागे टाकत वर या. पुढे वाकून हातांनी ओढलीत तर कंबर धरेल.

४. टेस्ट राइड म्हणजे एक चक्कर नाही

लायसन्स बरोबर न्या. एकच राइड घेऊन बुकिंग करू नका, निदान दोन वेगळ्या गाड्या एकाच दिवशी चालवा म्हणजे फरक कळतो. आणि मोकळा रस्ता टाळा, मुद्दाम सिग्नल आणि गर्दी असेल तिकडे न्या, संध्याकाळी सहाला गेलात तर उत्तम. चार गोष्टी करून बघा: चालत्या माणसाच्या वेगाने वीस मीटर सरळ जाणं, साध्या दोन पदरी रस्त्यावर यू टर्न, चढावर थांबून परत निघणं, आणि मागे कोणी नसताना दोन्ही ब्रेक एकत्र दाबून थांबणं. क्लच किती कडक आहे ते पंधरा मिनिटांनंतर मनगटाला विचारा.

ब्रेकबद्दल थोडं. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना एबीएस सक्तीचं आहे, १२५ पर्यंतच्या गाड्यांना निदान सीबीएस म्हणजे एक ब्रेक दाबला की दोन्ही चाकांना थोडा लागतो ती सोय. पावसाळ्यात ओल्या रस्त्यावर घाबरून पुढचा ब्रेक आवळला तर एबीएस असलेल्या गाडीचं चाक लॉक होत नाही, नवीन माणसाला हा फार मोठा आधार आहे. १२५ मध्येच पाहिजे असेल तर एबीएस असलेलं व्हर्जन शोधा, उदाहरणार्थ हीरो एक्स्ट्रीम १२५ आर मध्ये ते मिळतं. बाकी डिस्प्ले, ब्लूटूथ, नेव्हिगेशन याला किती महत्त्व द्यायचं ते तुमचं तुम्ही ठरवा, मी तरी त्यासाठी एक रुपया जास्त देणार नाही. ट्यूबलेस टायरला मात्र देईन. तारेच्या चाकात ट्यूब असली की पंक्चर काढायला चाकच खोलावं लागतं, आणि ते ताम्हिणीत रात्री आठला झालं तर काय, याचा विचार करा.

५. नवीन की वापरलेली

पहिली गाडी एकदा तरी पडणार, ओरखडे येणार, आणि दोन वर्षांत तुम्हाला दुसरी घ्यावीशी वाटणार. म्हणून मी वापरलेलीच्या बाजूने आहे, पण बरोबर माहितीतला फिटर असेल तरच. पन्नास किलोमीटरवरून फिटरला घेऊन जायला लागलं तरी न्या, त्याची दिवसाची मजुरी द्या.

बीएस ६ म्हणजे एप्रिल २०२० नंतरची गाडी बघितलीत तर बरं, फ्युएल इंजेक्शन असतं, सकाळी थंडीत चोक ओढत बसावं लागत नाही. गाडी बघायला जाताना मालकाला सांगा आधी चालू करून ठेवू नका, आणि गेल्यावर पहिल्यांदा इंजिनला हात लावून बघा थंड आहे का. गरम असेल तर स्टार्टिंगचा त्रास लपवलेला असू शकतो. सायलेन्सरमधून निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय, तिथूनच परत या. पुढच्या शॉकअपच्या नळीवर ऑइलचा ओघळ, चेन स्प्रॉकेटचे दात एका बाजूला वाकून हुकासारखे झालेले, हँडल डावीकडून उजवीकडे फिरवताना मध्ये अडकल्यासारखं वाटणं, हे सगळं खर्चाचं काम आहे. पडलेली गाडी कशी ओळखायची? क्लच आणि ब्रेक लिव्हरची टोकं, फुटरेस्टची टोकं, हँडलची टोकं बघा, नवीन रंग मारला तरी हे घासलेले कोपरे सांगतात. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, २३२१ लिहिलं असेल तर २०२१ चा तेविसावा आठवडा. गाडी तीन वर्षांची आणि टायर सहा वर्षांचा असेल तर मालकाला विचारा.

चेसीस नंबर हँडलच्या खाली मानेवर कोरलेला असतो, तो आणि इंजिन नंबर आरसीशी एक एक अक्षर जुळवून बघा. एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकला की विमा, पीयूसी आणि कर्ज आहे का ते कळतं. थकलेले ई-चलन वेगळे तपासा, नाहीतर तुमच्या गळ्यात. एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी असेल तर एचएसआरपी म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर पाटी बसवलीय का तेही बघा.

भाव करताना एक गोष्ट. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय (३५० च्या वर मात्र ४०). विकणारे अजून जुन्या किमती धरून बोलतात, "नवीन एवढ्याला पडते, मी तुम्हाला तीस कमी लावतो" वगैरे. आधी शोरूममध्ये आजची किंमत विचारून मगच वापरलेलीचा भाव करा.

आणि गाडी नावावर झाल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५, दुसऱ्या आरटीओची असेल तर त्यांची एनओसी फॉर्म २८ वर. उदाहरणार्थ गाडी एमएच ०९ म्हणजे कोल्हापूरची आणि तुम्ही पुण्यात. "सह्या करून देतो, नंतर सावकाश करा" असं म्हणणाऱ्याला नम्रपणे नाही म्हणा. विकताना पण हेच, आरसीवर ज्याचं नाव तोच मालक धरला जातो आणि अपघाताची भरपाई त्याच्यावर येऊ शकते, सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये हे स्पष्ट सांगितलंय. मी माझी पहिली गाडी विकली तेव्हा घेणाऱ्याच्या नावाचं आरसी डोळ्यांनी बघेपर्यंत पिच्छा सोडला नाही. विमा सुद्धा चौदा दिवसांत आपल्या नावावर करायला अर्ज द्या, आणि आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, तुम्हाला मिळत नाही, तो त्याचा असतो.

६. पैसे: शोरूमचा कागद ओळ ओळ वाचा

जाहिरातीत एक्स शोरूम किंमत असते. त्यावर रोड टॅक्स, आपल्याकडे सीसीप्रमाणे साधारण १० ते १२ टक्के, रजिस्ट्रेशन, आणि विमा. नवीन दुचाकीला थर्ड पार्टी विमा पाच वर्षांचा एकदम घ्यावा लागतो, सप्टेंबर २०१८ पासून. त्यामुळे लाखाची गाडी रस्त्यावर येईपर्यंत वीसेक हजार वर जातात.

कोटेशन लेखी घ्या, प्रत्येक ओळीसमोर आकडा. "हँडलिंग", "लॉजिस्टिक", "स्मार्ट कार्ड व इतर" अशी ओळ दिसली की त्याची वेगळी पावती मागा, मागितल्यावर बऱ्याचदा ती ओळच गायब होते. विमा त्यांच्याकडूनच घेतला पाहिजे असं काही नाही, बाहेरून तेवढ्याच कव्हरचं कोटेशन काढून दाखवा. लेग गार्ड घ्या, सीट कव्हर आणि कोटिंगला नाही म्हणा. हेल्मेट नवीन गाडीबरोबर मिळायचा नियम आहे, ते मागून घ्या, पण त्यावर भरवसा ठेवू नका, पुढे लिहिलंय.

कर्जात सगळ्यात मोठा खड्डा म्हणजे फ्लॅट रेट. समजा ८० हजार तीन वर्षांसाठी. बँक ११ टक्के घटत्या शिलकीवर, म्हणजे फेडायच्या उरलेल्या रकमेवरच, म्हणते, हप्ता साधारण २,६२० आणि एकूण ९४ हजारांच्या थोडं वर. शोरूममधला फायनान्सवाला ९ टक्के फ्लॅट म्हणतो, ऐकायला स्वस्त, पण दर वर्षी पूर्ण ८० हजारांवर व्याज म्हणजे २१,६०० रुपये, हप्ता २,८२०, एकूण १ लाख १ हजार ६००. बँकेच्या भाषेत तो दर साधारण १६ टक्के होतो. म्हणून दर विचारायचाच नाही, हप्ता गुणिले महिने अधिक प्रोसेसिंग फी एवढंच विचारायचं. आणि कर्ज फिटल्यावर आरसीवरचं एचपी म्हणजे कर्जाची नोंद काढून घ्यायला विसरू नका.

७. हेल्मेटचे पैसे गाडीच्या आधी बाजूला काढा

बजेट एक लाख असेल तर पाच सहा हजार आधीच वेगळे. फुल फेस हेल्मेट, आयएसआय मार्क आणि आयएस ४१५१ लिहिलेलं, रस्त्याच्या कडेला मिळतं ते अजिबात नको. घालून दहा मिनिटं दुकानातच फिरा, कपाळ दुखायला लागलं तर आकार चुकलाय, आणि पट्टा लावून मान हलवली आणि हेल्मेट वेगळं हललं तर मोठं होतंय. गाल थोडे दाबले गेले पाहिजेत, नवीन असताना तसंच असतं. त्याच्यानंतर ग्लोव्ह्ज, कारण पडताना माणूस आधी हात टेकवतो, आणि घोटा झाकणारे बूट. माझा घोटा त्या दिवशी कापडी चपट्या बुटात होता.

८. डिलिव्हरी आणि पहिले हजार किलोमीटर

मुहूर्ताच्या दिवशी, म्हणजे पाडवा, दसरा, धनत्रयोदशीला, शोरूममध्ये इतकी गर्दी असते की कोणी काही नीट दाखवत नाही. पूजा मुहूर्तावर करा पण गाडी आदल्या दिवशी दुपारी जाऊन तपासा. ओरखडे, सगळे दिवे, हॉर्न, दोन्ही चाव्या, टूल किट, चेसीस नंबर बिलाशी जुळतो का, मीटरवर किती किलोमीटर, आणि बनवल्याचा महिना कोणता. महिना आरसीवर पण येतो, दहा महिने गोडाऊनमध्ये उभी गाडी असेल तर त्याप्रमाणे भाव कमी करून मागा. नंबर पाटी बसल्याशिवाय गाडी बाहेर काढू नका.

घरी पहिल्यांदा नेताना स्वतः नेण्याचा हट्ट करू नका, ओळखीचा चालवणारा असेल तर त्याला नेऊ द्या आणि तुम्ही मागे बसा. पहिले पाचशे ते हजार किलोमीटर इंजिन पिळायचं नाही, एकाच वेगाने तासभर पळवायची पण नाही. पहिली सर्व्हिसिंग मॅन्युअलमध्ये असेल त्या किलोमीटरला नाहीतर त्या तारखेला, जे आधी येईल ते, आणि ऑइल नवीन टाकलंय ते समोर उभं राहून बघा. चेनला साधारण पाचशे किलोमीटरला ल्युब, पावसाळ्यात त्याच्या आधी. हवा दर पंधरा दिवसांनी, टायर थंड असताना.

आणि रोज रात्री दहानंतर, पार्किंग रिकामं झालं की दहा मिनिटं इंजिन बंद ठेवून गाडी काढायची, वळवायची, परत जागेवर लावायची. कोणी बघत नसतं, घाई नसते. आमच्या रॅम्पवर ती १२५ एका दमात, पाय न घसरता काढायला मला अकरा दिवस लागले.